पाच काउंटरटेनर आणि अर्धाच लिहिलेला ऑपेरा

खर्जातला_सा (धागाकर्ता)

ऑपेरावर काही लिहिलं की 'त्या जाड्या बाई किंचाळतात का हो?' हा प्रतिसाद ठरलेला असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो, या ऑपेरात बाई एकही नाही. नायिका मात्र दोन आहेत.

लिओनार्दो व्हिन्चीचा 'आर्तासेर्से'. (मोनालिसावाला नव्हे. तो जाऊन दोनशे वर्षं झाल्यावर नेपल्समध्ये नाव कमावलेला संगीतकार.) पहिला प्रयोग ४ फेब्रुवारी १७३०, रोम, तेआत्रो देल्ले दामे. रोमवर पोपचं राज्य आणि तिथे बायकांना रंगमंचावर बंदी. त्यामुळे सहाच्या सहा भूमिका पुरुषांनी केल्या. एक टेनर (नेहमीच्या पुरुषी आवाजात गाणारा), बाकी पाच कास्त्राती, म्हणजे लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटूच दिला नाही असे गायक. नायक आर्बाचे झाला होता कारेस्तिनी, आणि राजकन्या मांदाने झाला होता जॅचिन्तो फोंताना, ज्याला लोक लाडाने 'फारफाल्लीनो' म्हणत. फारफाल्लीनो आयुष्यभर स्त्री-भूमिकाच करत आला होता.

गोष्ट इराणच्या दरबारातली. रक्षकांचा प्रमुख आर्ताबानो राजा झेर्क्सिसचा खून करतो आणि रक्ताळलेली तलवार स्वतःच्या मुलाच्या, आर्बाचेच्या हातात देऊन त्याला पिटाळतो. मुलगा तलवारीसकट पकडला जातो. खुनी कोण हे त्याला ठाऊक आहे, पण बापाचं नाव घ्यायचं कसं? तो गप्प बसतो. त्याचा जिवलग मित्र आर्तासेर्से आता राजा झालाय आणि आर्बाचेचं प्रेम आहे मेलेल्या राजाच्या मुलीवर, मांदानेवर. पुढे कडी म्हणजे नवा राजा खटल्याचा न्यायाधीश कुणाला नेमतो? आर्ताबानोला! बाप स्वतःच्या गुन्ह्यासाठी पोटच्या पोराला देहदंड सुनावतो. संहिता मेटास्टाझिओची. हे लिहून तो त्याच वर्षी राजकवी म्हणून व्हिएन्नाला गेला. व्हिन्ची मात्र मे महिन्यात वारला. चॉकलेटमधून विष दिलं अशी वदंता आहे, पण त्या काळी तरुण संगीतकार मेला की विष ठरलेलंच.

हा ऑपेरा अठराव्या शतकात खूप गाजला आणि मग साफ विसरला गेला. २०१२ साली फ्रान्समधल्या नान्सीच्या ऑपेरा-गृहाने तो पुन्हा उभा केला, आणि तोही सगळे पुरुष घेऊनच. कास्त्राती आता नाहीत (देवाची कृपा), म्हणून पाच काउंटरटेनर: फ्रांको फाजिओली आर्बाचे, फिलिप जारुस्की आर्तासेर्से, मॅक्स इमॅन्युएल चेंचिच मांदाने, शिवाय व्हालर सबाडुस आणि युरी मिनेंको. वाद्यवृंद कॉन्चेर्तो क्योल्न, संगीत-संचालन दिएगो फासोलिस, दिग्दर्शक रुमानियाचा सिल्व्हिऊ पुर्कारेते.

पहिल्या अंकाचा शेवट बघाच. मित्र, बहीण, प्रेयसी, बाप, एकेक जण आर्बाचेकडे पाठ फिरवून जातो आणि तो एकटा उरतो. तिथे 'व्हो सोल्कान्दो' सुरू होतं: शीड नाही, दोर नाहीत, समुद्र खवळलाय, आभाळ काळवंडतंय. सुरुवातीला फाजिओली जवळजवळ हलतच नाही. व्हायोलिनं लाटांसारखी चढत-उतरत असतात आणि तो वरून सरळ रेघ ओढल्यासारखा सूर लावून उभा. मधला छोटा भाग होतो आणि पहिला भाग पुन्हा येतो. तेव्हा जे काय होतं ते स्वरलिपीत कुठेच नाही. ज्या जागी आधी एक स्वर होता तिथे आठ-दहा स्वरांची सणसणीत तान, आणि मग एकदम छातीतल्या आवाजात खाली उडी. प्रेक्षक वेडे झालेत.

माझा मुद्दा असा की जुना ऑपेरा उभा करणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. कारण मूळ इमारतच अर्धी होती. उरलेली अर्धी रोज रात्री गायक बांधायचे. ती आजच्या गायकाला नव्यानेच बांधावी लागते. तुम्हाला काय वाटतं?

लिंबूटिंबू

काउंटरटेनर म्हणजे नक्की काय? तृतीयपंथी गायक का?

र्‍हाइनकाठी

नाही हो. बोलताना यांचा आवाज तुमच्या-माझ्यासारखाच असतो. गाताना ते फॉल्सेटो वापरतात, म्हणजे स्वरतंतूंच्या फक्त कडा कंप पावतात. मोकळा टाहो फोडताना आपलाही आवाज कधी 'उडतो', त्याच जागेत हे लोक तीन-तीन तास गातात. विसाव्या शतकात हा आवाज मैफलीत परत आणण्याचं श्रेय अल्फ्रेड डेलरला देतात. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने १९६०मध्ये त्याच्यासाठी ओबेरॉनची भूमिका लिहिली. डेलरचा आवाज मऊ, देवळात शोभणारा. व्हिन्चीची ही गाणी त्याच्या पिढीला झेपली असती असं मला वाटत नाही. 'आर्तासेर्से' २०१२मध्येच का जमला याचं हे एक साधं कारण: असे पाच गळे एका वेळी त्याआधी नव्हतेच.

कास्त्रातीचं प्रकरण वेगळं. स्वरयंत्र मुलाचं आणि छाती वाढलेल्या पुरुषाची. शेवटचा गाजलेला कास्त्रातो मोरेस्की. त्याची १९०२ आणि १९०४ची ध्वनिमुद्रणं आहेत. ऐकून फारसं हाती लागत नाही. तो चर्चमध्ये गाणारा होता, रंगमंचावरचा नव्हे.

शंकासुर

धागा छान आहे, पण मला हे सगळं जाहिरातबाजीचं वाटतं. 'पाच काउंटरटेनर एकाच मंचावर!' हे पोस्टरवर छापायचं वाक्य झालं. १७३०मध्ये बायकांना बंदी होती म्हणून पुरुष घेतले. ती काही कलेची निवड नव्हती, धर्मसत्तेची जबरदस्ती होती. आज ती पुन्हा करून दाखवण्यात कसली अस्सलता? आधी मुलांना कापलं, बायकांना घरी बसवलं, आणि आता त्याच व्यवस्थेला साजूक तुपात तळून वाढताय.

आपल्याकडचंच बघा. नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, रुक्मिणी, भामिनी, सिंधू अजरामर केल्या. पुढे हिराबाई बडोदेकर आल्या, मग जयमाला शिलेदार आल्या, भूमिका बायकांकडे गेल्या. आज 'मानापमान' करताना भामिनी पुरुषानेच करावी असा हट्ट कोणी धरतं का?

तंबोरी

शंकासुरजींना +१, अर्ध्या मुद्द्याला. बंदीचं कौतुक नकोच.

पण बालगंधर्वांची तुलना एका ठिकाणी तुटते. ते फॉल्सेटोत गात नव्हते. आपल्या नैसर्गिक आवाजात, पुरुषाच्याच गळ्याने गायचे. 'बाई'पण होतं ते शालू नेसण्यात, पदर सावरण्यात, शब्द उच्चारण्यात. गाणं सरळ ख्यालाच्या घराण्यातलं, भास्करबुवांच्या तालमीतलं. तिकडे मात्र नायक आणि नायिका दोघांचाही आवाज उंच. डोळे मिटून ऐकलं तर पहिली दहा मिनिटं कोण कोण ते कळत नाही. मला तरी कळलं नाही.

खर्जातला_सा

तंबोरी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. त्या काळच्या कानाला उंच आवाज म्हणजे बाई असं वाटतच नव्हतं. उंच आवाज म्हणजे तारुण्य, कुलीनता, शौर्य. राजे, राजकन्या, सेनापती, सगळे वरच्या पट्टीत.

आता या ऑपेरातली पात्रं पुन्हा बघा. पाच आवाज वरचे, एकच खालचा. आणि तो खालचा आवाज कोणाचा? खुन्याचा, बापाचा. आर्ताबानो तोंड उघडतो तेव्हा काही न कळताही कळतं की हा माणूस या घरातला नाही. संगीतातच त्याला वेगळा पाडलाय. १९२०मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला ऑस्कर हागेनने हँडेल या संगीतकाराचा 'रोडेलिंडा' करून बरोक (म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या) ऑपेराच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात केली. तेव्हा आणि पुढे कितीतरी वर्षं कास्त्रातींच्या भूमिका सर्रास एक सप्तक खाली आणून बॅरिटोनला, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाजाच्या गायकाला, द्यायचे. नायक मर्दानी वाटला पाहिजे ना! 'आर्तासेर्से' तसा केला तर सगळे पुरुष खाली येतात आणि बाप-लेकाच्या आवाजातलं अंतरच संपतं. मग उरते फक्त कथा, जी आज वाचायला बरीचशी हास्यास्पद आहे.

शंकासुर

हे पटलं. पण यातून पुरुषच हवेत हे कुठे सिद्ध होतं? उंच आवाज हवेत एवढंच होतं. मग मांदाने आणि सेमिरा (आर्बाचेची बहीण) बायकांना द्या की.

र्‍हाइनकाठी

देता येतातच, आणि आर्बाचेसुद्धा देता येतो. हँडेलचा 'रादामिस्तो' १७२०ला लंडनमध्ये आला तेव्हा पहिल्या प्रयोगात नायक झाली होती मार्गेरीता दुरास्तांती, म्हणजे बाईच. काही महिन्यांनी कास्त्रातो सेनेझिनो आला आणि भूमिका त्याच्याकडे गेली. हँडेलला लिंगाचं सोयरसुतक नव्हतं, आवाजाचं होतं. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पहिल्यांदा हँडेल झाला तो 'रिनाल्डो', आणि त्यात चिलखत घालून उभी होती मॅरिलिन हॉर्न. तिच्या ताना ऐकून काउंटरटेनरांनी बरंच काही उचललंय.

तेव्हा 'पुरुषच हवेत' हा नियम नाही. नान्सीची ती एक निवड होती. जमली का, एवढाच प्रश्न. माझ्या मते जमली, आणि त्याचं श्रेय दिग्दर्शकाला.

तिसरी_घंटा

मी नाटकवाला. गाण्यातलं कळत नाही, पण हे चित्रीकरण पाहिलंय आणि याच मुद्द्यावर बोलायला आलो.

पुर्कारेतेने पुरुषांना बायका म्हणून खपवायचा प्रयत्नच केलेला नाही. चेहरे पांढरेफटक रंगवलेले, डोक्यावर पिसांचे तुरे, झगे इतके मोठे की माणूस आत हरवावा. रंगमंच फिरता, आणि विंगेत जे चालायला हवं ते राजरोस प्रेक्षकांसमोर चालतं. रंगवणं, सजवणं, गायकाला पात्रात ढकलणं, सगळं दिसतं. त्यामुळे 'हा बाई वाटतो का?' हा प्रश्नच गळून पडतो. इथे कोणीच काहीच 'वाटत' नाही, सगळे सोंग घेऊन उभे आहेत. राजा झालेला जारुस्कीही तितकाच सोंगाड्या आहे जितकी मांदाने झालेला चेंचिच.

आणि चेंचिच काय काम करतो! मांदानेला बापाच्या खुन्याचा सूड हवाय आणि तो खुनी आपला प्रियकर आहे असं तिला वाटतंय. एवढा मोठा झगा, हात हलवायला जागा नाही, तर हा माणूस फक्त मान वळवून खेळतो. आर्बाचे बोलायला आला की मान आधी वळते आणि डोळे नंतर. पाठ करायला लावण्यासारखं आहे.

अस्सल करायचं म्हणून १७३०चे पडदे, मेणबत्त्या, हाताच्या ठरीव मुद्रा, सगळं जसंच्या तसं करणारीही एक शाखा आहे. माझ्या डोक्यावरून जातं ते. आपल्याकडे 'सौभद्र'चे प्रयोग तसेच होतात. रंगवलेला बागेचा पडदा, भरजरी अंगरखे, पद संपलं की टाळ्या. खोटं वाटतं, कारण नटांना ते आज का करतोय याचा पत्ता नसतो.

तंबोरी

'सौभद्र'वर घसरू नका हं. १८८२पासून ते नाटक जिवंत आहे, कोणाला उकरून काढावं लागलं नाही. न तुटलेल्या परंपरेची तुटलेल्या परंपरेशी तुलना कशी होईल? आमच्याकडे पद कसं गायचं हे गुरूने समोर बसवून सांगितलेलं असतं. बालगंधर्वांच्या जागा अजून कानात आहेत, कादरबक्षांची सारंगी आणि तिरखवाँसाहेबांचा ठेका ध्वनिमुद्रिकांवर ऐकता येतो. त्यांच्याकडे व्हिन्चीचं गाणं ऐकलेला माणूस सांगायला कोण होता?

म्हणून खर्जातला_सा यांना विचारते: तो फाजिओली पुन्हा येणाऱ्या भागात जे गातो, ते कशाच्या आधारावर? मनाला येईल तसं?

र्‍हाइनकाठी

याचं उत्तर मी देतो, कारण मजा इथेच आहे.

व्हिन्चीच्या काळात इटलीत असे ऑपेरा छापत नसत. नकलनवीस हाताने प्रती काढत. अशा हस्तलिखितांत काय असतं? गायकाची ओळ, व्हायोलिनांच्या ओळी, खाली बेसची ओळ. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारवाद्य) आणि थिओर्बो (लांब मानेचं, ल्यूटच्या कुळातलं वाद्य) यांनी बेसच्या वर काय वाजवायचं ते लिहिलेलं नसतं. बेसवर कधीमधी आकडे टाकलेले असतात आणि त्यावरून वादकाने जागच्या जागी सुरावट भरायची. लय किती? 'आलेग्रो' (जलद) एवढा एक शब्द. जोरात-हळू? क्वचित कुठे खूण. पुन्हा येणारा पहिला भाग तर दुसऱ्यांदा लिहितच नाहीत, 'परत सुरुवातीपासून' एवढीच सूचना. आणि नेमकं तिथेच गायकाने आपली करामत दाखवायची.

आधार आहेत, पण आडवळणाचे. तोझीचा १७२३चा गायनावरचा ग्रंथ आहे, त्यात काय करावं यापेक्षा काय करू नये याच्याच तक्रारी जास्त. काही गायकांची अलंकृत केलेली गाणी लिहून ठेवलेली सापडली आहेत, फारिनेल्ली या गाजलेल्या कास्त्रातोची आहेत. त्यावरून त्या काळी किती दूर जात हे कळतं, आणि ते आजच्या गायकांपेक्षा बरेच दूर जात होते. बाकी मग गायक, संचालक आणि हार्पसिकॉर्डवाला तालमीला बसून ठरवतात. खालची सुरावट काय चालली आहे त्याला धरून राहायचं, नाहीतर बेसशी भांडण. म्हणजे मनाला येईल तसं नाही, पण राग बांधून दिलाय आणि बंदिशही दिलीय, पुढे तुमचं तुम्ही.

तंबोरी

मग हे तर आपलंच झालं की.

र्‍हाइनकाठी

पूर्ण नाही. हे लोक तान आधी बसवून येतात. रंगमंचावर ऐन वेळी सुचलेलं कमी असतं. १७३०मध्ये गायक आपल्या ताना रोज बदलत असत असं वर्णन आहे. आज ध्वनिमुद्रण बाजारात असताना श्रोता तीच तान ऐकायला येतो, ती चुकली तर नाराज होतो. खर्जातला_सा म्हणतात तशी अर्धी इमारत गायक बांधतो खरा, पण एकदा बांधली की तीच कायम. मला यात खरा तोटा दिसतो.

लिंबूटिंबू

गाजलं होतं तर विसरलं कसं काय?

खर्जातला_सा

कारण त्या काळी नाव व्हायचं ते नाटकाचं आणि गायकाचं. मेटास्टाझिओच्या याच संहितेला डझनावारी संगीतकारांनी चाली दिल्या. हासेचा 'आर्तासेर्से' त्याच १७३०मध्ये व्हेनिसला आला. ग्लुकचा पहिला ऑपेरा हाच, मिलान १७४१. आर्नने १७६२ला लंडनमध्ये इंग्रजीत केला. दर हंगामाला लोकांना नवी चाल हवी असायची. जुनी चाल पुन्हा ऐकायला कोण जाणार? पुढे अभिरुची बदलली, एकामागून एक एकल गाणी कंटाळवाणी वाटू लागली, कास्त्राती संपले. हस्तलिखितं ग्रंथालयांत होतीच, हरवली कधीच नव्हती. गायला कोणी नव्हतं.

शंकासुर

पैशाचं कोणीच बोलत नाही. फ्रान्समध्ये सरकार आणि नगरपालिका अनुदान देतात म्हणून नान्सीसारख्या मध्यम शहराला हे परवडतं. आपल्याकडे संगीत नाटकाचा प्रयोग लावायचा तर ऑर्गनवाला शोधण्यापासून सुरुवात.

र्‍हाइनकाठी

अनुदान आहेच, नाकारत नाही. पण नुसत्या अनुदानावर भागलं नाही. याच पाच काउंटरटेनरांची सीडी त्याच वर्षी बाजारात आली, नान्सीला मंचन झालं आणि पॅरिस, व्हिएन्नासारख्या शहरांत वेशभूषा-नेपथ्याशिवाय नुसतं गायन. एकदा बसवलेला पाठ चार ठिकाणी वापरला की खर्च वाटला जातो. आणि हो, ते तुमचं पोस्टरवरचं 'पाच काउंटरटेनर' वाक्य इथेच कामी आलं. व्हिन्चीचं नाव ऐकून तिकीट कोण काढणार होतं?

तिसरी_घंटा

अवांतर: ऑर्गनवाले आहेत हो शंकासुरशेठ, पण त्यांना तालमीचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. प्रयोगाचं पाकीट देतात, तालमीला चहा.

लिंबूटिंबू

मी काल रात्री 'व्हो सोल्कान्दो' ऐकलं. भारी आहे, पण पूर्ण तीन तास बसवेल का माहीत नाही. मधली बोलल्यासारखी गाणी फार लांब आहेत. कुठून सुरुवात करू?

खर्जातला_सा

ती बोलल्यासारखी गाणी म्हणजे रेसिटेटिव्ह, कथा तिथेच पुढे सरकते. मराठी किंवा इंग्रजी सारांश आधी वाचा, उपशीर्षकं चालू ठेवा आणि सरळ खटल्याच्या प्रसंगाला जा, दुसऱ्या अंकात. बाप न्यायासनावर, मुलगा समोर. मुलगा एक शब्द बोलला तर बाप संपेल, आणि बापाला ते ठाऊक आहे. तिथून अंकाच्या शेवटापर्यंत थांबू नका.

अंकाच्या शेवटी आर्ताबानो एकटा राहतो आणि 'कोझी स्तुपिशे' गातो. शिक्षा सुनावलीय, पण मुलाला सोडवायचा डाव त्याच्या डोक्यात शिजतोय. गाण्यात उपमा मेंढपाळाची: जवळ वीज कोसळली म्हणून तो भीतीने पडतो, मग कळतं की आपल्याला काही झालेलं नाही, उठतो, श्वास घेतो आणि विखुरलेली मेंढरं मोजायला लागतो. टेनरवर, म्हणजे नान्सीच्या प्रयोगातल्या हुआन सांचोवर, लक्ष ठेवा. पाच अफाट काउंटरटेनरांमध्ये त्याच्याकडे कोणी बघत नाही.

शंकासुर

बघितलं. पुरुष नायिकांबद्दलचं माझं मत आहे तिथेच आहे, सेमिरा बाईला दिली असती तर काही बिघडलं नसतं. पण तो टेनर खरंच जबरदस्त आहे. शिक्षा सुनावताना मुलाकडे बघतच नाही.

तिसऱ्या अंकातला विषाचा पेला अजून बघायचाय. कोणी शेवट सांगू नका.

लिंबूटिंबू

विकिपीडियावर वाचला मी. सांगू का?

शंकासुर

नको म्हटलं ना!